म्यूसिन मार्कर: ब्लॉक कापण्यापासून अहवाल लिहिण्यापर्यंत

जठराच्या अँट्रम भागातला, म्हणजे आतड्याकडच्या खालच्या टोकाचा, एक निरोगी तुकडा घ्या. त्याचे लागोपाठ दोन सेक्शन (पातळ काप) कापा, एकावर म्यूक५एसी लावा आणि दुसऱ्यावर म्यूक६. ही दोन म्यूसिनची, म्हणजे साखरेच्या साखळ्या चढलेल्या, श्लेष्माशी निगडित प्रथिनांची नावं; त्यांची अँटीबॉडी जिथे चिकटते तिथे तपकिरी रंग येतो. पहिल्या स्लाइडवर पृष्ठभागाच्या आणि खळग्यांच्या पेशी गडद तपकिरी दिसतील, खालच्या ग्रंथी कोऱ्या राहतील. दुसऱ्या स्लाइडवर नेमकं उलटं: वरचा भाग कोरा, तळाच्या पायलोरिक ग्रंथी तपकिरी. स्लाइड शेजारी शेजारी ठेवल्या की मधोमध रेघ मारावी तशी सीमा दिसते. पचनसंस्थेत प्रत्येक अवयवाच्या आणि अवयवातल्या प्रत्येक थराच्या पेशी आपापलं ठरलेलं म्यूसिन बनवतात. कर्करोगाची पेशी ही शिस्त मोडते, पण पुरती मोडत नाही. ती कोणत्या ऊतकाच्या वळणावर गेली आहे, हे तिच्या म्यूसिनवरून पुष्कळदा ओळखता येतं.

म्हणून म्यूसिनची स्लाइड पाहताना 'पॉझिटिव्ह की निगेटिव्ह' एवढ्यावर थांबू नका. रंग कोणत्या पेशीत आला, पेशीच्या कोणत्या बाजूला आला आणि सोबतच्या इतर मार्करनी काय सांगितलं, हे तिन्ही पाहावं लागतं. चुकीचे अहवाल बहुतेक वेळा यातलं एखादं वगळल्यामुळे जातात.

कोणतं म्यूसिन कुठे असतं

म्यूसिनचे ढोबळमानाने दोन गट. जेलसारखा श्लेष्मा तयार करणारी, पेशीबाहेर सोडली जाणारी म्यूसिन म्हणजे म्यूक२, म्यूक५एसी, म्यूक५बी आणि म्यूक६. या चौघांची जनुकं ११ व्या गुणसूत्राच्या ११पी१५.५ या एकाच पट्ट्यात शेजारी शेजारी आहेत. दुसरा गट पेशीच्या आवरणात रुतून बसणाऱ्यांचा: म्यूक१, म्यूक४, म्यूक१३, म्यूक१६ वगैरे.

रोजच्या कामासाठी एवढं पक्कं असू द्या. म्यूक२ म्हणजे आतड्याच्या गॉब्लेट (श्लेष्माने भरलेल्या) पेशी. म्यूक५एसी म्हणजे जठराचा पृष्ठभाग. निरोगी मोठ्या आतड्यात ते दिसत नाही. म्यूक६ म्हणजे जठरातल्या म्यूकस नेक पेशी, पायलोरिक ग्रंथी आणि ड्युओडेनममधल्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या) ब्रुनर ग्रंथी. म्यूक१ अनेक ग्रंथीय पेशींच्या पोकळीकडच्या कडेवर असतं, त्यामुळे ते अवयव ओळखायला कमी आणि पेशीची दिशा ओळखायला जास्त उपयोगी पडतं. म्यूक४ निरोगी स्वादुपिंडात सापडत नाही, पण तिथल्या नलिकांच्या कर्करोगात बहुधा सापडतं.

रक्ताच्या तपासण्यांशी याची गल्लत होते, म्हणून थोडं विषयांतर. सीए १२५ म्हणजे म्यूक१६ आणि सीए १५-३ म्हणजे म्यूक१. सीए १९-९ मात्र प्रथिन नाही. ती म्यूसिनवर चिकटलेली साखरेची साखळी आहे, आणि ज्यांच्यात लुईस रक्तगटाचं एन्झाइम नसतं त्यांच्यात ती बनतच नाही. त्यामुळे रक्तातला आकडा आणि स्लाइडवरचा रंग जुळला नाही, तर स्टेनिंग चुकलं असं लगेच धरू नका.

अँटीबॉडी नेमकं काय पाहते

हा भाग नीट समजला तर पुढचे अर्धे घोटाळे टळतात. म्यूसिनच्या प्रथिनाचा कणा प्रोलीन, थ्रिओनीन आणि सेरीनने भरलेल्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांचा असतो. म्यूक१ मध्ये असा प्रत्येक तुकडा २० अमिनो आम्लांचा असतो. या कण्यावर पेशीच्या गॉल्जी या भागात साखरेच्या साखळ्या चढतात, आणि पूर्ण तयार म्यूसिनमध्ये त्या इतक्या दाट होतात की आतलं प्रथिन झाकून जातं. प्रथिनाच्या कण्याविरुद्ध बनवलेल्या अँटीबॉडीला अशा वेळी तिची जागाच सापडत नाही.

म्यूक२ ची सीसीपी५८ ही क्लोन (अँटीबॉडीचा एक ठरावीक वाण) याचं चांगलं उदाहरण आहे. मोठ्या आतड्यातल्या गॉब्लेट पेशीत ती केंद्रकाजवळच्या भागात, जिथे म्यूसिन अजून बनतं आहे तिथे, ठळक रंग देते. पेशीतला फुगलेला श्लेष्माचा थेंब मात्र फिकट किंवा पांढरा राहू शकतो. नवखा माणूस हे पाहून 'कमकुवत' असा शेरा मारतो, पण त्या क्लोनसाठी हेच बरोबर चित्र आहे. उलट, कर्करोगाच्या पेशींत साखळ्या अर्धवट राहतात, कणा उघडा पडतो आणि रंग जास्त येतो. 'म्यूसिन वाढलं' असं दिसतं तेव्हा प्रत्यक्षात ते फक्त उघडं पडलेलं असू शकतं. म्हणूनच अहवालात क्लोनचं नाव लिहिणं गरजेचं आहे. क्लोन बदलली की जुन्या केसेसशी थेट तुलना करता येत नाही.

ऊतकाची तयारी

नमुना काढल्याबरोबर १०% न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये टाका. फॉर्मलिन ऊतकाच्या किमान १० पट हवं. फिक्सेशन ६ ते ७२ तासांत आवरा. मोठा नमुना उघडून, पसरून, पिनांनी टाचून ठेवा, नाहीतर मधला भाग कच्चा राहतो आणि तिथले सगळेच मार्कर फिके पडतात. पृष्ठभागावरचा श्लेष्माचा थर फॉर्मलिनमध्ये आक्रसून धुऊन जातो. संशोधनासाठी तोच थर पाहायचा असेल तर कार्नॉय प्रकारचं पाणीविरहित द्रावण वापरावं लागतं. रोजच्या निदानाला त्याची गरज नाही.

सेक्शन ३ ते ४ मायक्रॉनचे कापा. बायोप्सी लहान असेल तर पहिल्याच वेळी ८ ते १० कोरे सेक्शन लागोपाठ काढून ठेवा. ब्लॉक (मेणात बसवलेलं ऊतक) पुन्हा मायक्रोटोमवर, म्हणजे काप करणाऱ्या यंत्रावर, चढवला की समपातळी करण्यातच ऊतक वाया जातं, आणि बायोप्सीत तेवढं परवडत नाही. जठराच्या कर्करोगात हेर२, मिसमॅच रिपेअरची (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी) प्रथिनं, पीडी-एल१ आणि क्लॉडिन १८.२ यांवर उपचार ठरतात. त्यांच्यासाठी लागणारे सेक्शन आधी बाजूला काढा आणि उरलेल्यांतून म्यूसिन लावा. हा क्रम उलटा होता कामा नये.

श्लेष्माने भरलेले ट्यूमर स्लाइडवरून सुटतात. श्लेष्माची तळी काचेला धरत नाहीत. रिट्रीव्हलच्या, म्हणजे फॉर्मलिनने झाकलेली अँटीबॉडीची जागा उष्णतेने उघडणाऱ्या, गरम द्रावणात ती फुगतात आणि शेजारच्या पेशींनाही उचलून नेतात. अशा केसला सेक्शन ३ मायक्रॉनचाच ठेवा, पॉझिटिव्ह चार्ज असलेली स्लाइड वापरा, पाणी पूर्ण निथळू द्या, रात्रभर ३७ अंशांवर वाळवा आणि मग ६० अंश सेल्सिअसवर एक तास भाजा. ओल्या स्लाइडला घाईने भाजलं तर ऊतकाखाली पाणी अडकतं आणि तिथूनच सेक्शन उचलला जातो.

आधी स्वस्त आणि सोपा स्टेन: अल्शियन ब्लू-पास

अँटीबॉडीकडे जाण्यापूर्वी हा स्टेन (पास म्हणजे पिरिऑडिक ॲसिड-शिफ) लावून पाहा, निम्म्या प्रश्नांचं उत्तर इथेच मिळतं. १ ग्रॅम अल्शियन ब्लू ८जीएक्स, ३ मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड आणि ९७ मिली डिस्टिल्ड वॉटर असं द्रावण करा, पीएच २.५ आहे याची मीटरवर खात्री करा आणि गाळून घ्या. मेण काढलेली, पाण्यापर्यंत आणलेली स्लाइड ३% ॲसेटिक ॲसिडमध्ये ३ मिनिटं, अल्शियन ब्लूमध्ये ३० मिनिटं ठेवा. वाहत्या पाण्यात धुवा. १% पिरिऑडिक ॲसिड १० मिनिटं, डिस्टिल्ड वॉटरने धुणं, शिफ रिएजंट १५ मिनिटं, मग वाहत्या पाण्यात १० मिनिटं. हिमॅटॉक्सिलिन हलकंच द्या, कारण त्याचा निळा जास्त झाला तर अल्शियनचा निळा ओळखू येत नाही.

जठराचं न्यूट्रल म्यूसिन किरमिजी दिसतं, गॉब्लेट पेशींचं आम्लधर्मी म्यूसिन निळं आणि मिश्र असेल ते जांभळं. ग्लायकोजेनही किरमिजी दिसतं, म्हणून शंका आली तर दुसरी स्लाइड आधी डायास्टेजने पचवून घ्या. रंग गेला तर ग्लायकोजेन, टिकला तर म्यूसिन.

इथे एक सापळा आहे. आतड्याच्या लॅमिना प्रोप्रियात (अस्तराखालच्या सैल थरात) श्लेष्मा गिळलेले मॅक्रोफेज (भक्षक पेशी) दिसतात. बाजूला सरकलेलं केंद्रक, फुगलेला सायटोप्लाझम, पासला किरमिजी: हुबेहूब सिग्नेट रिंग, म्हणजे अंगठीसारख्या दिसणाऱ्या कर्करोगाच्या, पेशी. म्यूसिनच्या कोणत्याही स्टेनने हा फरक ठरत नाही, कारण दोघांतही म्यूसिन असतं. सायटोकेराटिन (अस्तराच्या पेशींची खूण) आणि सीडी६८ (मॅक्रोफेजची खूण) लावा. केराटिन निगेटिव्ह आणि सीडी६८ पॉझिटिव्ह असेल तर तो मॅक्रोफेज. एवढी एक जोडी न लावल्यामुळे निरोगी माणसाच्या कागदावर कर्करोग लिहिला जाऊ शकतो.

इम्युनोस्टेनिंगच्या पायऱ्या

१. झायलीनमध्ये ५-५ मिनिटं दोनदा किंवा तीनदा. मग उतरत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून पाण्यापर्यंत. मेणाचा अंश राहिला तर डागाडागांनी कोरी बेटं दिसतात.

२. उष्णतेने रिट्रीव्हल: सिट्रेट पीएच ६.० किंवा ट्रिस-ईडीटीए पीएच ९.०, ९५ ते ९८ अंशांवर २० मिनिटं. कोणतं द्रावण हे क्लोनच्या माहितीपत्रकावरून ठरवा आणि आपल्या लॅबमध्ये दोन्ही करून पाहा. नंतर त्याच द्रावणात २० मिनिटं थंड होऊ द्या. गरम स्लाइड थेट थंड पाण्यात टाकली की सेक्शन सुटतो.

३. ३% हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, पेशींचं स्वतःचं पेरॉक्सिडेज एन्झाइम निकामी करण्यासाठी. पोट-आतड्यांच्या ऊतकात इओसिनोफिल भरपूर असतात. ही पायरी कमी पडली तर तेच तपकिरी दिसतात.

४. बफर वॉश: ०.०५% ट्वीन घातलेलं टीबीएस, पीएच ७.६. यापुढे स्लाइड क्षणभरही कोरडी पडू देऊ नका. कोरडी पडली की कडेने गडद तपकिरी झालर उमटते आणि ती झालर पॉझिटिव्ह म्हणून वाचली जाते.

५. प्रायमरी अँटीबॉडी, प्रत्येक स्लाइडवर १०० ते २०० मायक्रोलीटर, दमट डब्यात खोलीच्या तापमानाला ३० ते ६० मिनिटं. नवी बाटली आली की १:५०, १:१००, १:२०० आणि १:४०० अशा चार पातळ्या एकाच कंट्रोल (निकाल आधीच माहीत असलेल्या) ब्लॉकवर लावा. ज्या पातळीला हवी ती पेशी ठळक आणि शेजारची पेशी स्वच्छ दिसते ती निवडा. सर्वांत गडद दिसते ती नव्हे.

६. पॉलिमर-एचआरपी (प्रायमरीला चिकटणारं, पुढे रंग पाडणारं एन्झाइम) ३० मिनिटं. जठर आणि यकृतात पेशींचं स्वतःचं बायोटिन असतं, त्यामुळे बायोटिनवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीपेक्षा पॉलिमर बरा.

७. डॅब (तपकिरी रंग देणारं रसायन) ५ ते १० मिनिटं, कंट्रोल स्लाइडवर नजर ठेवून. हातमोजे घाला आणि उरलेलं डॅब बेसिनमध्ये ओतू नका. मग हिमॅटॉक्सिलिन, डीहायड्रेशन, झायलीन, माउंट.

कंट्रोल त्याच स्लाइडवर ठेवा. अँट्रमचा एक तुकडा आणि मोठ्या आतड्याचा एक तुकडा एकाच ब्लॉकमध्ये बसवला तर चांगली सोय होते. म्यूक५एसीला अँट्रमचा पृष्ठभाग पॉझिटिव्ह आणि आतडं निगेटिव्ह, म्यूक२ ला उलट, म्यूक६ ला अँट्रमचा फक्त तळ. म्हणजे एकाच कंट्रोलमध्ये होकार आणि नकार दोन्ही मिळतात. अँट्रमचा तुकडा आधी हिमॅटॉक्सिलिन-इओसिनवर पाहून घ्या. त्यात मेटाप्लेझियाच्या (जठराचं अस्तर आतड्यासारखं बदलल्याच्या) गॉब्लेट पेशी असतील तर म्यूक२ चा निगेटिव्ह कंट्रोल म्हणून तो निरुपयोगी. नवी क्लोन कामात घेण्याआधी किमान १० पॉझिटिव्ह आणि १० निगेटिव्ह केसेसवर तपासा.

वाचन: जठर

मेटाप्लेझियापासून सुरुवात करा. पूर्ण प्रकारच्या मेटाप्लेझियात म्यूक२ येतं आणि जठराची म्यूसिन निघून जातात. अपूर्ण प्रकारात म्यूक२ येतं, पण म्यूक५एसीही टिकून राहतं. कर्करोगाचा धोका या अपूर्ण प्रकाराशी अधिक जोडला गेला आहे, म्हणून दोन्ही एकत्र दिसत असतील तर अहवालात तसं स्पष्ट लिहा.

कर्करोगासाठी चार स्टेनचा संच लावा: म्यूक५एसी, म्यूक६, म्यूक२ आणि सीडी१०. पहिले दोन जठराच्या बाजूचे, नंतरचे दोन आतड्याच्या. साधारणपणे १०% ट्यूमर पेशींची मर्यादा धरून जठरीय, आंत्रीय, मिश्र किंवा कोणताच नाही असे चार प्रकार पाडतात. सूक्ष्मदर्शकाखालच्या रचनेवरून 'आंत्रीय' म्हटलेला ट्यूमर म्यूसिनवरून जठरीय निघतो, असं वारंवार घडतं. दोन्ही वर्गीकरणं वेगळ्या गोष्टी मोजतात, म्हणून अहवालात ती एकमेकांत मिसळू नका. म्यूक६ आणि पेप्सिनोजेन-१ दोन्ही पॉझिटिव्ह, म्यूक५एसी निगेटिव्ह आणि शिस्तीत बसलेल्या, कमी विकृत ग्रंथी असं चित्र दिसलं तर फंडिक ग्रंथी प्रकारचा कर्करोग डोळ्यांसमोर आणा. साध्या रंगात तो सहज निसटतो.

वाचन: स्वादुपिंड आणि ॲम्प्युला

म्यूसिनचा सर्वांत थेट उपयोग इथे आहे. आयपीएमएन या नलिकेतल्या म्यूसिनयुक्त गाठीचे प्रकार म्यूसिनवरूनच पक्के होतात. जठरीय प्रकारात म्यूक५एसी पॉझिटिव्ह, म्यूक१ आणि म्यूक२ निगेटिव्ह, फक्त तुरळक गॉब्लेट पेशी सोडून. आंत्रीय प्रकारात म्यूक५एसीसोबत म्यूक२ आणि सीडीएक्स२ (आतड्याच्या पेशींचा मार्कर). पॅन्क्रिएटोबिलिअरी (स्वादुपिंड-पित्तनलिकेसारख्या) प्रकारात म्यूक५एसीसोबत म्यूक१, म्यूक२ नाही. सीडीएक्स२ आणि म्यूक२ सोबत येतात हा योगायोग नव्हे. सीडीएक्स२ हेच म्यूक२ च्या जनुकाला चालू करणाऱ्या घटकांपैकी एक आहे. एक निगेटिव्हही तेवढाच बोलका असतो: नलिकेत ठासून भरलेली, नळीदार रचनेची गाठ आणि म्यूक५एसी पूर्ण निगेटिव्ह असेल तर आयटीपीएनचा (नलिकेतल्या नळीदार-पॅपिलरी गाठीचा) विचार करा. आंत्रीय आयपीएमएनमधून पुढे कोलॉइड (श्लेष्माच्या तळ्यांत पेशी तरंगणारा) कर्करोग होतो, आणि तो नेहमीच्या नलिकांच्या कर्करोगापेक्षा बरा वागतो. त्यामुळे हा उपप्रकार रुग्णासाठी महत्त्वाचा आहे.

ॲम्प्युलाच्या (पित्ताची आणि स्वादुपिंडाची नलिका ड्युओडेनममध्ये उघडते त्या जागेच्या) ट्यूमरमध्ये म्यूक२, सीडीएक्स२ आणि सीके२० (एक सायटोकेराटिन) पॉझिटिव्ह तर आंत्रीय. म्यूक१ पॉझिटिव्ह आणि म्यूक२, सीडीएक्स२ निगेटिव्ह तर पॅन्क्रिएटोबिलिअरी. खरी अडचण संमिश्र चित्रांची, आणि ती इथे थोडी नाहीत. तिथे ओढूनताणून प्रकार ठरवू नका. मिळालेले निकाल लिहा आणि 'संमिश्र' म्हणा.

एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडच्या सुईने आलेल्या नमुन्यात आणखी एक सापळा असतो. स्वादुपिंडाच्या धडाला आणि शेपटीला सुई जठरातून जाते, डोक्याला ड्युओडेनममधून. वाटेत ती तिथल्या पेशी घेऊन येते. जठरातून गेलेल्या सुईत म्यूक५एसी पॉझिटिव्ह पेशींची सुबक पट्टी दिसली तर ती जठराच्या पृष्ठभागाची असू शकते, आणि जठरीय आयपीएमएनपासून ती म्यूसिनने वेगळी करता येत नाही. सुईचा मार्ग विचारल्याशिवाय या नमुन्यावर मत देऊ नका.

वाचन: मोठं आतडं, अपेंडिक्स, पेरिटोनियम

मोठ्या आतड्याच्या नेहमीच्या ॲडेनोकार्सिनोमात म्यूक२ कमी होत जातं. म्यूसिनस प्रकारात, म्हणजे ट्यूमरचा ५०% पेक्षा जास्त भाग पेशीबाहेरचा श्लेष्मा असेल तेव्हा, ते टिकून राहतं. म्यूक२ हे केवळ ओळखीचं निशाण नाही: ज्या उंदरांत हे जनुक काढून टाकलं त्यांच्या आतड्यांत ट्यूमर झाले, असं २००२ मध्ये दाखवलं गेलं. म्यूक५एसी आतड्यात नव्याने दिसू लागणं हे सेसाइल सेरेटेड (बसक्या, करवतीसारख्या दातेरी) गाठींत आणि मायक्रोसॅटेलाइट अस्थिर (डीएनएची दुरुस्ती बिघडलेल्या) ट्यूमरमध्ये जास्त आढळतं. पण त्यावरून अस्थिरता ठरवू नका. त्यासाठी एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ हे मिसमॅच रिपेअरचे मार्कर लावावेच लागतात.

गुदाशयाच्या कर्करोगाला आधी किरण-रासायनिक उपचार दिले असतील तर नमुन्यात पेशी नसलेली श्लेष्माची तळी दिसतात. ती उरलेला ट्यूमर म्हणून मोजत नाहीत. तळ्यांवर म्यूक२ लावून काही निष्पन्न होत नाही, श्लेष्मा रंग घेणारच. त्याऐवजी ब्लॉक आणखी खोल कापा आणि केराटिन लावून एकांड्या पेशी शोधा.

पेरिटोनियमभर (पोटाच्या पोकळीच्या आवरणावर) पसरलेल्या श्लेष्मात म्यूक२, सीके२०, सीडीएक्स२ आणि सॅटबी२ एकत्र आले तर अपेंडिक्सकडे किंवा मोठ्या आतड्याकडे बोट जातं. एकट्या मार्करवर मूळ अवयव ठरवू नका: स्तनाच्या म्यूसिनस कर्करोगातही म्यूक२ असतं आणि फुफ्फुसाच्या म्यूसिनस ॲडेनोकार्सिनोमात म्यूक५एसी.

म्यूक१: दिशा पाहा

निरोगी ग्रंथीत म्यूक१ ची बारीक रेघ पोकळीच्या कडेला असते. कर्करोगात ती पेशीच्या सगळ्या बाजूंनी पसरते किंवा सायटोप्लाझममध्ये उतरते. मायक्रोपॅपिलरी कर्करोगात तर पेशींचा गुच्छ आतून बाहेर उलटलेला असतो: मध्ये रंग नाही, आणि स्ट्रोमाकडच्या (आधार देणाऱ्या ऊतकाकडच्या) बाहेरच्या कडेवर ठळक तपकिरी कडं. ४० च्या ऑब्जेक्टिव्हवर हे कडं दिसलं की निदानाला बळ येतं, आणि लसीकावाहिन्यांत व लसीकाग्रंथींत प्रसार झाला आहे का ते बारकाईने शोधायला हवं. म्यूक१ ची अँटीबॉडी संपली असेल तर ईएमए (एपिथेलियल मेम्ब्रेन अँटिजेन) वापरा. त्याची ई२९ ही क्लोन म्यूक१ च ओळखते.

अहवालात काय लिहावं

प्रत्येक मार्करसाठी क्लोन, पॉझिटिव्ह ट्यूमर पेशींची टक्केवारी, तीव्रता ० ते ३, रंगाची जागा (कडेवर, सायटोप्लाझममध्ये, केंद्रकाजवळ ठिपका, बाहेरच्या कडेवर) आणि कंट्रोल चालला की नाही. टक्केवारी फक्त जिवंत ट्यूमर पेशींवर काढा. ट्यूमरमध्ये अडकलेल्या निरोगी गॉब्लेट पेशी, मृत कडा आणि पोकळीत साचलेला श्लेष्मा मोजणीत धरू नका. गिळलेल्या लाळेतून आणि कफातून आलेलं म्यूसिन आतड्याच्या पृष्ठभागावर चिकटून राहतं आणि रंग घेतं. पेशीच्या आत रंग नसेल तर तो निकाल निगेटिव्हच. बायोप्सीवर निगेटिव्ह आलं तर 'या तुकड्यात आढळलं नाही' असं लिहा. म्यूसिन ट्यूमरमध्ये ठिगळांनी असतं, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या मोठ्या नमुन्यावर तोच मार्कर पुन्हा लावण्याची सूचना अहवालातच करून ठेवा. उरलेले कोरे सेक्शन ४ अंशांवर, धूळ-ओलाव्यापासून झाकून ठेवा, तारीख टाका आणि काही आठवड्यांतच वापरा. जुन्या सेक्शनवर निगेटिव्ह आलेला मार्कर ताजा सेक्शन कापून पुन्हा लावा, मगच सही करा.